बायकांसाठी वेगळं व्यसनमुक्ती घर: मागची सव्वाशे वर्षं

व्यसनातून बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी निवारा काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, वेगळा कशाला? व्यसनमुक्ती केंद्रं आहेतच, त्यांत बायकांसाठी चार खाटा वाढवा. ज्यांनी ज्यांनी अशी घरं उभी केली, त्या प्रत्येकाला या प्रश्नाचं उत्तर नव्यानं द्यावं लागलं. या विषयाची लेखी नोंद इंग्लंड आणि अमेरिकेत बरीच सापडते. ती वाचताना गाडी पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येते: बाई उपचाराला आली तर तिच्या मुलांचं काय?

१८९० च्या दशकात लंडनच्या वर्तमानपत्रांना जेन केकब्रेड हे नाव चांगलं परिचयाचं होतं. दारू पिऊन गोंधळ घातल्याबद्दल ती २८० च्या आसपास वेळा कोर्टापुढे उभी राहिली. थोडे दिवस तुरुंग, मग सुटका, मग पुन्हा दारू. दारूबंदी चळवळीतल्या लेडी हेन्री सॉमरसेट यांना हे चक्र तुरुंगानं तुटणार नाही हे दिसत होतं. १८९५ साली त्यांनी सरे परगण्यातल्या डक्सहर्स्ट इथे फक्त बायकांसाठी वसाहत सुरू केली. मोठा वॉर्ड बांधला नाही. छोटी छोटी घरं, प्रत्येकात मोजक्या बायका आणि त्यांच्यासोबत राहणारी एक सिस्टर, म्हणजे देखभाल करणारी परिचारिका. दिवसभर बागेत, मोकळ्या हवेत काम. आणि आवारातच लहान मुलांसाठी घर. केकब्रेडलाही तिथे आणलं होतं, पण ती रुळली नाही. तिचा आजार मनाचा आहे असं ठरून तिची रवानगी मनोरुग्णालयात झाली, तिथेच १८९८ मध्ये ती वारली.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये इनेब्रिएट्स कायदा आला. सराईत मद्यपींना तीन वर्षांपर्यंत सुधारगृहात ठेवायची मुभा कोर्टाला मिळाली. तिथे गेलेल्यांत बहुसंख्य बायका होत्या, त्यांतल्या कितीतरी मुलांची आबाळ केल्याच्या आरोपावरून. दारू पिणारे पुरुष काही कमी नव्हते. पण पिणारी आई समाजाला जास्त खुपली, आणि उपचाराच्या नावाखाली तिला शिक्षाच झाली. ही सरमिसळ पुढेही सुटली नाही.

१९३५ साली अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या चळवळीची सुरुवात झाली. दारुड्याला दारुडाच समजून घेतो, हा तिचा पाया. १९३९ च्या त्यांच्या मूळ ग्रंथात बायकांसाठी एक प्रकरण होतं, पण ते पिणाऱ्या बायकांसाठी नव्हे, पिणाऱ्यांच्या बायकांसाठी. बायकोच्या तोंडून सांगितलेलं ते प्रकरण लिहिलं मात्र संस्थापक बिल विल्सननी. गटात टिकून राहिलेल्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी मार्टी मान यांनी १९४४ साली जनजागृतीसाठी राष्ट्रीय समिती स्थापन केली. दारूचं व्यसन हा आजार आहे, हे त्या सभांमधून स्वतःचं उदाहरण देऊन सांगत. एका स्त्रीनं त्या काळात हे जाहीरपणे बोलणं म्हणजे केवढं धाडस!

निवासी उपचारांची गोष्ट याहून सावकाश सरकली. मिनेसोटातलं हेझल्डन हे उपचार केंद्र १९४९ मध्ये पुरुषांसाठी उघडलं. बायकांसाठी डाया लिन हे वेगळं केंद्र व्हायला १९५६ उजाडलं. १९७५ साली जीन कर्कपॅट्रिक यांनी 'विमेन फॉर सोब्रायटी' हा बायकांचा आधारगट सुरू करताना थेट मुळाला हात घातला. अहंकार सोडा, आपण हतबल आहोत हे कबूल करा, असं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांचं सांगणं. पण जी बाई आधीच लाजेनं आणि अपराधीपणानं खचलेली आहे, तिला आणखी काय नमवायचं? तिला आधी स्वतःवर भरवसा हवा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं. १९८२ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी स्वतः व्यसनातून बाहेर पडल्यावर केंद्र काढलं, तेव्हा निम्म्या जागा बायकांसाठी राखल्या.

त्याच दशकात वारं उलटं फिरलं. कोकेनची धास्ती पसरली होती. १९८९ पासून साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमधलं एक सरकारी रुग्णालय गरोदर बायकांची लघवी तपासून निकाल पोलिसांकडे देऊ लागलं. काहींना बाळंतपणानंतर लगेच अटक झाली. संमतीशिवाय अशी तपासणी घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दिला तो २००१ मध्ये. दवाखान्यात गेलं तर मूल हिरावलं जाईल ही भीती एकदा बसली की बाई मदत मागायलाच येत नाही. म्हणून सरकारी यंत्रणेपासून चार हात लांब असलेल्या, नफ्यासाठी न चालणाऱ्या छोट्या घरांची गरज वाढली.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलला बेका स्टीव्हन्स यांनी देहविक्री आणि व्यसनातून बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी घर काढलं. दोन वर्षं विनामूल्य राहायचं. पुढे मेणबत्त्या आणि अंगाला लावायची तेलं बनवण्याचं काम त्याला जोडलं गेलं. १९९८ मध्ये लॉस एंजेलिसला सुझन बर्टन यांनी सुरुवात केली. पाच वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गाडीखाली गेल्यानंतर त्या व्यसनात बुडाल्या होत्या, अनेकदा तुरुंगात गेल्या होत्या. सावरल्यावर त्यांनी छोटं घर घेतलं आणि तुरुंगातून सुटून बसनं उतरणाऱ्या बायकांना तिथे आणायला लागल्या.

घर मिळालं तरी शेजाऱ्यांचा विरोध असतोच. वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स शहरानं तर कौटुंबिक वस्तीत पाचपेक्षा जास्त परक्या माणसांनी एकत्र राहायचं नाही, या नियमावर बोट ठेवून व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठी एकत्र राहण्याची घरं चालवणाऱ्या ऑक्सफर्ड हाउस या संस्थेचं घर अडवलं होतं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शहराचा युक्तिवाद फेटाळला. तेव्हापासून तिथल्या व्यसनमुक्ती घरांना या निकालाचा मोठा आधार आहे.

मुलांची बाब अमेरिकी नियमांत आली १९९३ मध्ये. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या आयांसाठीचं केंद्रीय अनुदान घेणाऱ्या केंद्रांनी कुटुंब एकत्र धरून उपचार करावेत, योग्य तिथे आईबरोबर मुलांनाही दाखल करावं आणि मुलांच्या सांभाळाची सोय करावी, असं त्यात आहे. डक्सहर्स्टला हे जवळपास शंभर वर्षं आधी सुचलं होतं. तरी आजही अनेक घरांत मुलांच्या वयाला आणि संख्येला मर्यादा असते. तान्हं बाळ चालतं. दहा-बारा वर्षांचा मुलगा बरोबर असेल, तर त्याच्या आईला अजूनही घरामागून घर शोधत फिरावं लागतं.