गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एमआरआय : येताना जुनी सीडी आणावी

गर्भाशयमुखाच्या, म्हणजे बोलण्यात ज्याला पिशवीच्या तोंडाचा म्हणतात त्या कर्करोगाच्या तपासणीसाठी आमच्या सोलापूरच्या केंद्रात आलेले नातेवाईक बहुधा रुग्णाला बाकावर बसवून काउंटरवर हळूच विचारतात, “फोटो बघून सांगा, आई किती दिवस काढेल?” याचे उत्तर आम्ही काउंटरवर देत नाही. त्यावरून काही जण रागावतात, म्हणून हे पत्रक.

स्कॅनवरून पुढचा अंदाज बांधता येतो, हे खरे आहे. गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे का, ती बाजूच्या ऊतींत शिरली आहे का, मूत्रवाहिनी दाबली जाऊन मूत्रपिंडाला सूज आली आहे का, आणि ओटीपोटातल्या किंवा त्याहून वर महाधमनी या मोठ्या रक्तवाहिनीलगतच्या लसिकाग्रंथींत (शरीरातला लसिका नावाचा द्रव गाळणाऱ्या छोट्या ग्रंथींत) आजार पोहोचला आहे का, यांवर तो बराचसा अवलंबून असतो. २०१८ साली ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आजाराची अवस्था ठरवताना स्कॅनचा आधार घेण्यास मान्यता दिली आणि ग्रंथींत आजार असल्यास ती तिसरी अवस्था धरली, ती याच कारणाने. मात्र हा अंदाज पुष्कळ रुग्णांचा मिळून असतो. शंभर जणींपैकी पाच वर्षांनी किती जणी हयात असतात, हे कर्करोग नोंदणीतून कळते (आपल्या जिल्ह्यात बार्शीला ग्रामीण भागाची अशी नोंदणी १९८७ पासून आहे). त्या शंभरांत आपली आई कोठे आहे, हे मशीन सांगत नाही. तिचे वय, हिमोग्लोबिन, बायोप्सी आणि उपचार वेळेत पूर्ण झाले की नाही, हे सारे एकत्र पाहणारे डॉक्टरच त्याबद्दल बोलू शकतात. गाठीच्या चित्रातले शेकडो बारकावे संगणकाने मोजून आयुर्मानाचा अंदाज काढण्याचे संशोधन चालू आहे, पण ते रोजच्या उपचारात रुळलेले नाही आणि त्या नावाखाली आम्ही जादा पैसे घेत नाही.

खरा खोळंबा होतो तो उपचारानंतरच्या स्कॅनला. रेडिएशनचे शेक आणि केमो संपल्यावर गाठ किती विरघळली, यावरून पुढचा अंदाज पहिल्या स्कॅनपेक्षा अधिक नेमका बांधता येतो. त्यासाठी आधीचे आणि आताचे चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागते. शेकांमुळेही ऊतींना सूज येते, व्रण राहतो. तो व्रण की उरलेली गाठ, हे आधी गाठ नेमकी कोठे होती ते पाहिल्यावर बऱ्याचदा स्पष्ट होते. असे असताना निम्म्याहून अधिक लोक केवळ रिपोर्टचा कागद किंवा मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो घेऊन येतात. फोटोवर माप घेता येत नाही. पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या ‘डिफ्यूजन’ चित्रांतले आकडे तर फिल्मवरूनही काढता येत नाहीत; ते स्कॅनच्या सीडीतच असतात. मग अक्कलकोटहून आलेला मुलगा सीडी आणायला परत जातो आणि एक दिवस मोडतो.

म्हणून जुनी सीडी आणि शेवटचा शेक कोणत्या तारखेला घेतला ते लिहिलेले कार्ड सोबत आणावे. शेक संपल्यावर पंधराच दिवसांत “एकदा बघून टाका” म्हणून येऊ नये. सुमारे तीन महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तेव्हा यावे. पेट स्कॅन (किरणोत्सर्गी औषध टोचून काढायचा वेगळा स्कॅन) सांगितला असल्यास तो आमच्याकडे होत नाही.

तुलनेचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळतो. याला उशीर म्हणणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे, की दोन्ही स्कॅनची मापे पुन्हा घ्यावी लागतात आणि घाईतल्या रिपोर्टवर आम्ही सही करत नाही. डिफ्यूजनचे आकडे मशीनगणिक थोडे बदलतात, त्यामुळे दोन्ही स्कॅन शक्यतो एकाच ठिकाणी केलेले बरे. आमच्याकडे पहिला स्कॅन झाला असेल, तर त्याची प्रत आम्ही जपून ठेवतो आणि सीडी हरवल्यास दुसरी विनामूल्य देतो. पहिला स्कॅन दुसरीकडे झाला असल्यास तेथे प्रत मागावी. बहुतेक ठिकाणी ती मिळते.

सीडी घरी राहिल्याचे एसटीत बसल्यावर लक्षात आले, तरी अर्ध्या वाटेतून परतू नये. ठरलेल्या वेळी तपासणी करून घ्यावी आणि सीडी दुसऱ्या दिवशी कोणाकडून तरी पाठवावी. ती पाहिल्यावरच आम्ही रिपोर्ट देऊ.