कर्कपेशींच्या पुटिका: ना कचरा, ना एकसारख्या

कर्कपेशींनी (कर्करोगाच्या पेशींनी) सोडलेल्या सूक्ष्म पुटिका, म्हणजे पटलाने वेढलेल्या इवल्या पिशव्या, हा निव्वळ कचरा, हा समज चुकीचा आहे. तो रुजला, कारण १९८३ मध्ये अपरिपक्व तांबड्या रक्तपेशी नकोशी ग्राहक-प्रथिने (बाहेरचे रेणू पकडणारी प्रथिने) याच वाटेने बाहेर टाकताना आढळल्या. मात्र १९९६ मध्ये प्रतिकारयंत्रणेतील बी-पेशींचे एक्झोसोम (पुटिकांचा एक प्रकार) त्याच यंत्रणेतील टी-पेशींना उद्दीपित करतात हे दिसले, तेव्हाच तो सोडायला हवा होता. पुटिका एकसारख्याही नसतात. एक्झोसोम पेशीच्या आतल्या कप्प्यांत घडतात, तर मायक्रोव्हेसिकल थेट पेशीपटलातून सुटतात. एक्झोसोमच्या पटलात कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोमायलिन हे मेद मूळ पेशीपेक्षा सहसा अधिक असते. शिवाय निरोगी पेशी एरवी पटलाच्या आतल्या थरात राखते ते फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेद अनेक पुटिकांवर बाहेर उघडे पडते, आणि इतर पेशी त्यावरूनही त्यांना ओळखतात. म्हणूनच रक्तातील पुटिका केवळ आकारावरून वेगळ्या करणे मला धोक्याचे वाटते, कारण रक्तातून मेद वाहून नेणारे काही लिपोप्रोटीन कणही तेवढ्याच आकाराचे असतात.