गार्डचा पास आणि चाहत्याचा पारा

न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये २९ मार्च १९८२ रोजी साठ हजारांहून जास्त लोक अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना बघत होते. नॉर्थ कॅरोलायना ६३, जॉर्जटाउन ६२. कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला असलेल्या मायकेल जॉर्डननं नुकताच बास्केट करून कॅरोलायनाला पुढे काढलं होतं. घड्याळात मोजके सेकंद उरले होते आणि चेंडू होता जॉर्जटाउनचा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल रचणारा खेळाडू, फ्रेड ब्राउन याच्याकडे. आणखी एक बास्केट झालं की विजेतेपद त्यांचं. ब्राउननं ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) थांबवलं, उजवीकडे पास दिला आणि चेंडू थेट कॅरोलायनाच्या जेम्स वर्दीच्या हातात गेला. सामना तिथेच संपल्यात जमा झाला.

समोर उघड दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला चेंडू कोण देतं? जॉर्जटाउनच्या चाहत्यांनी त्या रात्री कपाळावर हात मारून घेतला असेल, तर त्यात नवल नाही. पण हा पास नीट पाहिला तर ती जाणकाराची चूक वाटते. नवख्याकडून ती बहुधा झालीच नसती.

झालं असं, की क्षणभर आधी वर्दी चेंडू हिसकायला झेपावला, फसला आणि भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचला. बचावाच्या रचनेत त्या जागी कॅरोलायनाचा माणूस असायलाच नको होता. ब्राउनला डोळ्याच्या कोपऱ्यातून एक आकृती दिसली आणि तो आपला साथीदार एरिक स्मिथच, असं त्याला वाटलं. हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं.

आपल्याला समोरचं सगळं स्पष्ट दिसतं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बारीक तपशील टिपणारा डोळ्याच्या पडद्यावरचा भाग अगदी छोटा असतो. हात लांब करून अंगठा धरला, तर त्याच्या नखाएवढ्या जागेतलंच एका वेळी नीट दिसतं. कडेला हालचाल कळते, ढोबळ आकार कळतो, पण चेहरा किंवा जर्सीवरचं नाव कळत नाही. उरलेलं मेंदू अनुभवावरून भरून काढतो आणि मुरलेल्या खेळाडूचा मेंदू हे काम फार सफाईनं करतो. फ्रॅन अलार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्यांना आणि न खेळणाऱ्यांना सामन्यातली छायाचित्रं थोडा वेळ दाखवली आणि कोण कुठे उभं होतं, ते आठवायला सांगितलं. रचून केलेल्या आक्रमणाचं चित्र असेल, तर खेळाडू कितीतरी सरस ठरले. चित्रातली माणसं कशीही पांगलेली असतील, तर मात्र त्यांची आघाडी गायब! म्हणजे त्यांची नजर किंवा स्मरणशक्ती इतरांहून वेगळी नव्हती, त्यांच्या डोक्यात खेळाचे साचे पक्के बसले होते. ब्राउननं अशाच साच्यावर विसंबून पास दिला. वर्दी नेमका साच्याबाहेर उभा होता.

साच्यावाचून गार्डचं चालतही नाही. पॉइंट गार्डला, म्हणजे संघाच्या मुख्य गार्डला, दर सामन्यात वीसतीस वेळा करावी लागणारी ‘पिक अँड रोल’ची चाल घ्या. गार्ड चेंडू घेऊन निघतो आणि त्याचा उंच सहकारी गार्डच्या मागावरच्या बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहतो. आता त्या सहकाऱ्यावर नजर ठेवणारा उंच बचावपटू पुढे आला, तर त्याच्या मागून बास्केटकडे धावणाऱ्या सहकाऱ्याला पास द्यायचा. तो मागेच राहिला, तर स्वतः शॉट घ्यायचा. कोपऱ्यातला बचावपटू मदतीला आत सरकला, तर कोपऱ्यात मोकळ्या झालेल्या नेमबाजाकडे चेंडू टाकायचा. आणि तो खरंच सरकलाय की नुसती हूल देतोय, हेही ओळखायचं.

विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये आणि रे हायमन यांनी पुढच्याच वर्षी दाखवून दिलं, की पर्याय वाढतात तसा प्रतिसादाला लागणारा वेळही वाढतो. पर्याय दुप्पट झाले, की वेळात साधारण ठरावीक भर पडते. त्यात चेंडूलाही पोहोचायला वेळ लागतो. सेकंदाला दहा मीटर वेगानं दिलेला पास पंचवीस फूट जायला पाऊण सेकंद घेतो. तेवढ्यात चपळ बचावपटू दोनतीन मीटर सरकू शकतो, शिवाय त्याचे लांब हात आहेतच. त्यामुळे आत्ता कोण मोकळा आहे, हे पाहून गार्डचं भागत नाही. पाऊण सेकंदानं कोण मोकळा असेल, ते त्याला ताडावं लागतं. ‘अरे, तो मोकळा होता ना!’ हे चाहत्याचं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं आणि बहुतेक वेळा निरुपयोगी.

‘जरा विचार करून खेळ’ हा सल्लाही तसाच. जोसेफ जॉन्सन आणि मार्कुस राब यांनी हँडबॉल खेळाडूंना सामन्यातला प्रसंग पडद्यावर थांबवून ‘आता काय कराल?’ असं विचारलं (अभ्यास २००३ चा). आधी मनात येईल ते सांगायचं, मग आणखी पर्याय सुचवायचे. सरावलेल्या खेळाडूंना आधी सुचलेला पर्याय बहुधा चांगला निघाला. नंतर सुचलेल्यांचा दर्जा घसरत गेला.

चाहत्याच्या बाजूला काय असतं? एक तर उंचावरचा कॅमेरा. टीव्हीवर पासची वाट आखून ठेवल्यासारखी दिसते. गार्डला मैदानावरून दिसतात दोन मीटरच्या आसपास उंचीचे लोक आणि त्यांचे उंचावलेले हात. दुसरी सोय स्लो मोशनची. युजीन करूसो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की तीच कृती संथ गतीत पाहिली, तर ती जास्त जाणूनबुजून केल्यासारखी वाटते, कारण करणाऱ्याला विचाराला भरपूर वेळ होता, असा आपला ग्रह होतो. खरा वेळ किती होता, हे पडद्यावर दाखवूनही हा परिणाम पुरता जात नाही.

आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे निकाल माहीत असणं. बारूख फिशहॉफ यांच्या १९७५ च्या गाजलेल्या प्रयोगात वाचायला दिलेला एक मजकूर आपल्या भागातला होता: १८१४ सालचं इंग्रज आणि गुरख्यांचं युद्ध. काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना गुरखे जिंकले, काहींना बरोबरी झाली. ज्याला जो निकाल सांगितला, त्याला तोच आधीपासून बराच संभवनीय वाटू लागला. डोंगराळ मुलूख, शिस्तबद्ध फौज, सगळ्या तपशिलांचे अर्थ निकालाप्रमाणे फिरले. शेवटच्या मिनिटातल्या पासचंही तेच होतं. तोच पास बास्केटमध्ये संपला, तर धाडस, अडवला गेला, तर बेजबाबदारपणा.

तरीही चिडणाऱ्याला नुसतं हसून सोडून देणं मला पटत नाही. ती चीड शरीरात उतरते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जॉर्जिया आणि जॉर्जिया टेक या दोन विद्यापीठांच्या बास्केटबॉल सामन्याला आलेल्या पुरुष चाहत्यांची लाळ तपासली. जिंकणाऱ्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढलं होतं, हरणाऱ्यांमध्ये घटलं होतं. मैदानात पाऊलही न टाकता! मेंदूसंशोधक वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत जे पाहिलं, तेही इथे आठवतं. अपेक्षित बक्षीस वेळेवर मिळालं नाही, की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशींची क्रिया नेहमीच्या पातळीच्याही खाली जाते. ज्याच्याकडून अपेक्षाच नाही, त्याच्या चुकीचं दुःख कमी.

कॉलेजच्या गार्डकडून अपेक्षा मात्र चढत चालल्या आहेत. शाळेतच त्याला पंचतारांकित, म्हणजे सर्वोत्तम दर्जाचा खेळाडू, ठरवलं जातं. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येतात आणि त्याच वर्षापासून एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणं सोपं झालं. दर वर्षी निम्मा संघ नवा, म्हणजे कोण कुठे असेल याचे एकत्र घडलेले साचे अपुरे. आणि वय अठरा ते बावीस. जॉर्जटाउनचे प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन यांनी १९८२ च्या त्या पराभवानंतर मैदानातच ब्राउनला मिठी मारली होती. दोन वर्षांनी हाच संघ विजेता झाला, तेव्हा ब्राउन संघातच होता.

मग गार्डवर टीका करायचीच नाही? जरूर करावी, पण एका पासवर नाही. हंगामात तीसेक सामने असतात. सामन्याला दोनतीन टर्नओव्हर (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गमावणं) धरले, तरी आकडा साठ ते नव्वदच्या घरात जातो. चाहत्याला आठवतात ते शेवटच्या मिनिटातले तीनचार. असिस्ट (ज्यावर साथीदारानं बास्केट केलं असा पास) आणि टर्नओव्हरचं गुणोत्तर त्याहून बरं, पण तेही फसवतं. साथीदाराचा शॉट चुकला, की उत्तम पासचाही असिस्ट होत नाही. आणि धोका पत्करतच नाही, असा गार्ड आकड्यांत शहाणा दिसतो. त्यापेक्षा एकाच प्रकारची परिस्थिती दहा सामन्यांत शोधावी. दोघांनी मिळून घेरल्यावर तो दर वेळी ड्रिबल थांबवून अडकतो का? कोपऱ्यातल्या मदतीची हूल त्याला जानेवारीत फसवत होती, तशीच मार्चमध्येही फसवते का? उत्तर ‘हो’ असेल, तर चाहत्याची तक्रार रास्त आहे, आणि ती गार्डइतकीच त्याच्या प्रशिक्षकाविरुद्धही आहे.