पाणबुड्याचे घड्याळ : चावी आणि फिरते कडे

पाणबुड्याच्या मनगटी घड्याळात हाताळण्याचे दोन भाग असतात. एक वेळ लावण्याची चावी आणि दुसरे तबकडीभोवतीचे फिरते कडे, ज्याला व्यवहारात बेझल म्हणतात. यांपैकी पाण्याखाली वापरायचे ते फक्त कडे. चावी बुडीपूर्वीच पक्की बंद करावयाची असते.

चावीचा दांडा घड्याळाच्या पेटीत ज्या छिद्रातून जातो, तेच पाणी शिरण्याचे सर्वांत सोपे ठिकाण होय. त्यासाठी आट्यांच्या चावीचा उपाय १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पुढे आला. पेरेगो व पेरे यांचे पेटंट रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी घेतले आणि १९२६ मध्ये रोलेक्सचे ऑयस्टर हे घड्याळ बाजारात आले. १९२७ मध्ये इंग्रज जलतरणपटू मर्सिडीज ग्लाइट्झ हिने इंग्लिश खाडीत पोहताना ते गळ्यात बांधले होते; ती पोहणी पूर्ण झाली नाही, घड्याळ मात्र चालू राहिले. अशी चावी बसवताना ती हलके दाबून आधी थोडी उलट फिरवावी, आटे एकमेकांत बसल्याचे बोटाला जाणवले की मग सुलट आवळावी. त्यामुळे आटे तिरके चढून झिजत नाहीत.

कड्याचे मूळ वादग्रस्त आहे. फिरत्या कड्याची कल्पना पाणबुड्यांची नसून वैमानिकांकडून आली असावी, असे मानण्यास आधार आहे, कारण अमेरिकी नौदलातील मार्गनिर्देशनतज्ज्ञ फिलिप व्हॅन हॉर्न वीम्स यांच्या मार्गनिर्देशनाच्या घड्याळांत ती त्याआधीच दिसते. पाण्याखालच्या कालगणनेसाठी ती कोणी प्रथम वापरली, याचे श्रेय सामान्यतः १९५३ च्या सुमारास आलेल्या ब्लँकपँ फिफ्टी फॅदम्स व रोलेक्स सबमरीनर या दोन घड्याळांत वाटले जाते. झोडियॅक सी वुल्फही त्याच काळातील आहे. फिफ्टी फॅदम्सच्या मागे फ्रेंच नौदलाचे पाणबुडे रोबेर मालुबिए व क्लोद रिफो यांच्या अपेक्षा होत्या, आणि त्याचे कडे दाबल्याशिवाय फिरू नये अशी योजना होती. अनवधानाने कडे सरकण्याचा धोका तेथे आधीच ओळखलेला दिसतो, म्हणून श्रेयाचे पारडे त्या बाजूला थोडे झुकते. सबमरीनरचे कडे मात्र बराच काळ दोन्ही दिशांना फिरे.

वापराची रीत अशी. बुडी सुरू होताना कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणतात. पुढे काटा कड्यावरील ज्या आकड्यासमोर असेल तितकी मिनिटे गेली, असे वाचतात. वर येताना सुमारे ५ मीटरवर ३ मिनिटे थांबायचे असल्यास त्रिकोण पुन्हा काट्यासमोर आणता येतो. कड्याची कड खाचेदार ठेवतात ती हातमोज्यातल्या बोटांना पकड मिळावी म्हणून. आधुनिक कडे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच फिरते. त्यामुळे ते खडकाला किंवा दोराला घासून सरकले, तरी गेलेला वेळ प्रत्यक्षाहून जास्तच दिसतो आणि पाणबुड्या वेळेआधी वर येतो. चूक झालीच तर ती जीव वाचवणाऱ्या बाजूला व्हावी, हा या रचनेचा गाभा आहे.

आयएसओ ६४२५ या मानकानुसार असे घड्याळ किमान १०० मीटर खोलीसाठी असावे लागते आणि कडे अनवधानाने फिरण्यापासून सुरक्षित असावे लागते. चावीची परीक्षा अधिक कडक आहे : घोषित खोलीच्या १२५ टक्के दाबाखाली तिच्यावर आडवा ५ न्यूटन जोर १० मिनिटे देतात. प्रत्येक १० मीटरला सुमारे एक वातावरण दाब वाढतो, हे लक्षात घेता पाण्याखाली चावी सैल करणे म्हणजे घड्याळाचे दार उघडणेच होय.

दोन चाव्यांच्या घड्याळांत दुसरी चावी काचेखालचे आतील कडे फिरवते. ते बुडीपूर्वीच लावून ठेवणे श्रेयस्कर. बुडीनंतर चावी बंद ठेवून घड्याळ गोड्या पाण्यात धुवावे आणि धुताना बाहेरचे कडे फिरवत राहावे, म्हणजे त्याखाली अडकलेले मीठ व वाळू निघून जाते.