मागच्या चाकाची खरखर: आवाजावरून दोष कसा ओळखावा

जुलैच्या पावसात रात्रभर उघड्यावर उभी असलेली मोटार सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर काढताना मागच्या चाकातून खरखर ऐकू येणे, हा पुण्यातील अनेक वाहनधारकांच्या परिचयाचा अनुभव आहे. दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर ती नाहीशी होत असेल, तर काळजीचे कारण नाही. चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे ड्रम (पोकळ डबे) आणि डिस्क (तबकड्या) सहसा बिडाच्या असतात. ओल्या हवेत त्यांच्या उघड्या पृष्ठभागावर काही तासांतच गंजाचा पातळ थर चढतो आणि तो घासून निघेपर्यंत आवाज करतो. मात्र जी खरखर कोरड्या दिवशी, गाडी बरेच अंतर चालल्यावरही टिकून राहते, तिचे मूळ शोधायलाच हवे. हे मूळ चाक उघडण्यापूर्वीच बऱ्याच अंशी शोधता येते. अंदाजाने आधी बेअरिंग, मग लायनर (ब्रेकचे घासणारे अस्तर), मग टायर असे एकेक बदलत गेल्यास पैसे तर जातातच, शिवाय खरा दोष तोवर वाढत राहतो.

पहिला प्रश्न असा की, आवाज चाकाच्या फिरण्याशी बांधलेला आहे का? छोट्या मोटारींना बसणाऱ्या १६५/८० आर १४ या मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर असतो. म्हणजे ताशी २० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला जवळजवळ तीन फेरे घेते आणि ताशी ४० ला पावणेसहा. खरखर ‘खर्र-खर्र-खर्र’ अशी तुटक असेल आणि तिची लय या हिशोबाने वेगाबरोबर वाढत असेल, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी काहीतरी घासते आहे, असे समजावे. अशा वेळी वाकडी झालेली डिस्क, गोलाई बिघडलेला ड्रम किंवा टायरमध्ये रुतलेला दगड यांचा संशय घ्यावा. अखंड खरखर असेल तर दोष बहुधा न फिरणाऱ्या भागात आहे, कारण तो फिरणाऱ्या पृष्ठभागाला सतत टेकलेला असतो. मोकळ्या, सपाट रस्त्यावर कमी वेगात, इंजिन चालू ठेवूनच, क्षणभर न्यूट्रल करून पाहावे. इंजिनचे फेरे उतरले तरी आवाज तसाच राहिला, तर इंजिनला दोषमुक्त करता येते.

कोणते चाक, हे मात्र कानाला सहज कळत नाही. डाव्या आणि उजव्या कानापर्यंत आवाज पोहोचण्यात पडणारा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो आणि त्यावरून, तसेच दोन कानांना ऐकू येणाऱ्या तीव्रतेतील फरकावरून, मेंदू दिशा ठरवतो. बंद मोटारीत काचांवरून आणि छतावरून आपटून येणारे ध्वनी या दोन्ही खुणा पुसून टाकतात. त्यातच अनेक छोट्या मोटारींत मागची दोन्ही चाके एकाच पोलादी बीमने जोडलेली असल्याने डावीकडचा आवाज धातूतून उजवीकडे पोहोचतो. यावर साधा उपाय भिंतीचा आहे. खडकीसारख्या भागात लष्करी हद्दीच्या लांब भिंतीलगत, रहदारी नसताना, डावीकडच्या काचा खाली करून सावकाश गाडी न्यावी; भिंत डाव्या चाकांचा आवाज थेट कानाकडे परत पाठवते. उजव्या बाजूसाठी उड्डाणपुलावरचा उंच दुभाजक उपयोगी पडतो.

यानंतर एका वेळी एकच परिस्थिती बदलत जावी. ब्रेक हलका दाबताच आवाज बदलला, वाढला किंवा थांबला, तर दोष ब्रेकमध्ये आहे. भारतातील बहुसंख्य छोट्या मोटारींना मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रमच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन ब्रेकशू असतात, त्यांवर लायनर चिकटवलेले असते आणि पेडल दाबले की व्हील सिलिंडर त्यांना बाहेर ढकलून ड्रमवर टेकवतो. पाय काढल्यावर स्प्रिंगा त्यांना मागे ओढतात. स्प्रिंग तुटली, सिलिंडर जाम झाला किंवा चिखलपाण्याने हँडब्रेकची केबल अडकली, तर शू पूर्णपणे परतत नाही आणि अखंड खरखर सुरू होते. आणखी एक जागा मेकॅनिकच्याही नजरेतून निसटते: शूंच्या पाठीमागच्या पोलादी प्लेटवर काही लहान उंचवटे असतात आणि शूच्या कडा त्यांवर सरकतात. तेथील ग्रीस वाळले की कोरडे लोखंड लोखंडावर अडकत-सुटत सरकते. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा नेमकी हीच क्रिया घडते. दोन्हीकडे स्थिर घर्षण हे सरकत्या घर्षणापेक्षा जास्त असल्याने पृष्ठभाग क्षणभर धरून ठेवतो, मग सुटतो आणि कंपन निर्माण होते.

मागे डिस्क असेल तर आणखी एक निरुपद्रवी शक्यता आधी तपासावी. डिस्कच्या आतल्या बाजूला पातळ पत्र्याची ढाल असते. रस्त्याच्या कामाची बारीक खडी पत्रा आणि डिस्क यांच्या फटीत शिरली की ऐकवणार नाही इतका कर्कश आवाज येतो; गाडी थोडी मागे घेतल्यावर कधी कधी खडा आपोआप गळून पडतो.

ब्रेकचा काहीच परिणाम होत नसेल आणि आवाज घरघरीसारखा, वेगाबरोबर चढत जाणारा असेल, तर बेअरिंगकडे वळावे. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर सरकतो. त्या वेळी घरघर वाढली आणि डाव्या वळणावर कमी झाली, तर डावे बेअरिंग संशयित ठरते. असमान झिजलेला टायरही असाच आवाज करतो, परंतु डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर जाताच त्याचा सूर बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. मागे तीन माणसे बसल्यावर किंवा गतिरोधकावरच आवाज येत असेल, तर चाकाच्या कमानीतले प्लॅस्टिक टायरला लागते आहे का, हे पाहावे.

खात्री करण्यासाठी चाक उचलावे लागते. समोरच्या चाकांनी चालणारी मॅन्युअल गाडी सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, पुढच्या चाकांना उटी लावावी, गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवावी आणि मगच हँडब्रेक सोडावा. आता मागचे चाक हाताने मोकळे फिरते. एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवल्यास बिघडलेल्या बेअरिंगची खडबड बोटांना जाणवते. चाक वरून आणि खालून धरून हलवल्यावर खडखडले, तर बेअरिंग सैल झाले आहे. अनेक गाड्यांत ड्रमच्या मागच्या प्लेटला रबरी बूच असते. ते काढून बॅटरीच्या उजेडात लायनरची जाडी दिसते. ती एक मिलिमीटरवर आली असेल तर बदलण्याची वेळ झालीच आहे. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड तीन मिलिमीटरच्या आसपास आले की बदलणे शहाणपणाचे.

उष्णतेचीही साक्ष घ्यावी. हजार किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल ऊर्जेचा निचरा करावा लागतो, तोही मुख्यतः ब्रेकच्या उष्णतेतून, आणि त्यातला मोठा वाटा पुढची चाके उचलतात. म्हणूनच फारसे ब्रेक न लावता आठ-दहा किलोमीटर फिरून आल्यावर मागचे एकच चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम असेल, तर तेथला ब्रेक धरून राहिला आहे. हात लावू नये. तळवा जवळ नेला तरी फरक कळतो.

ब्रेक दाबताना लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येणे, पेडल खोल जाणे, गाडी एका बाजूला ओढली जाणे किंवा चाकाच्या आतल्या बाजूने ब्रेक ऑइल गळणे, यांपैकी काहीही दिसले तर गाडी कात्रज घाटात तर नाहीच, जवळच्या गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये, टो करून न्यावी. लायनर संपल्यावर सिलिंडरचा पिस्टन मर्यादेपेक्षा बाहेर येतो आणि गळती सुरू होऊ शकते.

ड्रम उघडताना साचलेल्या भुकटीवर कॉम्प्रेसरने हवा मारण्याची आपल्याकडे सवय आहे आणि ती थांबवावी, असे मी कळकळीने सांगेन. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते श्वासातून आत जाणे फुप्फुसांना घातक आहे; ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ती भुकटी काढता येते. ड्रमच्या कडेला झिजेमुळे उभा राहिलेला काठ आणि आतल्या खाचा पाहाव्यात, आतील व्यास मोजून ड्रमवर ओतलेल्या कमाल मापाशी ताडून घ्यावा, आणि शू नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, नाहीतर ब्रेक असमान लागतो. नवे लायनर ड्रमच्या गोलाईशी जुळेपर्यंत थोडी खरखर राहते. ते जुळल्यावर हँडब्रेकची ओढ पुन्हा तपासून घ्यावी.