पंचेचाळिशीतही गोलपोस्टमध्ये उभी राहणारी माणसं

इटलीचा गोलकीपर जियानलुइजी बुफॉन १७ वर्षांचा होता तेव्हा, नोव्हेंबर १९९५ मध्ये, पार्माकडून इटलीच्या टॉप लीगमधली पहिली मॅच खेळला, समोर एसी मिलान, आणि पोराने एकही गोल होऊ दिला नाही, मॅच ०-० सुटली. ग्लोव्हज त्याने कायमचे काढून ठेवले ते ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, परत पार्मातूनच. मधे जवळपास अठ्ठावीस वर्षं गेली! त्याच्या आधी इटलीचाच डिनो झॉफ १९८२ चा वर्ल्ड कप जिंकला तो चाळिशीत, तेही कॅप्टन म्हणून. स्ट्रायकर पस्तिशीला टेकला की लोक विचारायला लागतात रिटायर कधी होणार, मग गोलकीपरचं करिअर एवढं लांब कसं काय चालतं?

पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं, की तो पळत नाही. आपल्याकडे गल्लीत ज्याला दम लागतो त्यालाच गोलमध्ये उभं करतात ना. ते खरंच आहे, मैदानातला प्लेयर एका मॅचमध्ये साधारण १० ते १२ किलोमीटर पळतो आणि गोलकीपरचं त्याच्या निम्म्यावर भागतं, त्यामुळे गुडघे आणि मांड्यांचे स्नायू कमी झिजतात. पण मला हे उत्तर अर्धवट वाटतं, कारण गोलकीपरचं काम रिफ्लेक्सवर चालतं असं आपण मानतो आणि रिफ्लेक्स तर वयाप्रमाणे मंदावतातच, अगदी पंचविशीनंतर हळूहळू.

पेनल्टीचं गणित करून बघा. बॉल ११ मीटरवर ठेवलेला, किक ताशी १०० किलोमीटरची, म्हणजे बॉल साधारण ०.४ सेकंदात गोललाईनवर. डोळ्यांनी बघून शरीर हलायला सुरुवात व्हायलाच ०.२ सेकंद जातात. गोल ७.३२ मीटर रुंद, मधे उभा असलेल्या माणसापासून खांब साडेतीन मीटरहून जास्त लांब, आणि तिथे पोचायला उरले ०.२ सेकंद. जमतच नाही, कितीही चपळ माणूस असू दे. म्हणजे चांगला गोलकीपर बॉल सुटायच्या आधीच काहीतरी वाचत असला पाहिजे.

काय वाचतो? २००२ च्या एका अभ्यासात गोलकीपरना पेनल्टीचे व्हिडिओ दाखवून त्यांची नजर कुठे फिरते ते कॅमेऱ्याने टिपलं. नवखे किक मारणाऱ्याच्या धडाकडे, हाताकडे बघत बसले होते, आणि मुरलेल्यांची नजर किकच्या क्षणी दोन्ही पायांवर आणि बॉलवर. बॉलशेजारी जो पाय रोवला जातो ना, त्याच्या चवड्याची दिशा बरंच काही सांगून जाते. ही नजर हजारो किक बघूनच तयार होते, आणि ती वयाबरोबर पिकते.

अजून एक प्रयोग मला फार आवडतो, २०२३ मध्ये डब्लिनमधून आलेला, आणि तो करणाऱ्यांपैकी एक संशोधक स्वतः आधी गोलकीपर होता. पडद्यावर एकदाच काहीतरी चमकतं पण त्याच्याबरोबर बीप दोनदा वाजतो, तर आपल्यातल्या बऱ्याच जणांना चमकसुद्धा दोनदा झाल्यासारखी दिसते, मेंदू आवाज आणि चित्र एकत्र बांधून टाकतो. प्रोफेशनल गोलकीपर बाकीच्यांपेक्षा कमी फसले, मैदानातल्या इतर प्लेयर्सपेक्षाही कमी. याचा उपयोग काय असेल ते बघा: ३० मीटरवरून किक बसली तर तिचा आवाज पोचायला सुमारे ०.०९ सेकंद लागतात, तोवर बॉल दोनेक मीटर पुढे आलेला असतो, मधे माणसांची भिंत, बॉल नीट दिसतही नाही. अशा वेळी डोळा आणि कान जे वेगवेगळं सांगतात ते वेगवेगळंच तोलता येणं किती मोलाचं आहे! हे सरावाने येतं की जन्मजात असतं ते त्या प्रयोगाने ठरत नाही, पण माझा कल सरावाकडे आहे.

आता २००६ च्या वर्ल्ड कपची फायनल, इटली विरुद्ध फ्रान्स. सातव्या मिनिटाला फ्रान्सच्या झिदानची पेनल्टी, बुफॉन एका बाजूला झेपावला आणि झिदानने बॉल हलकेच मधोमध चिप केला, क्रॉसबारला लागून आत. इस्रायली संशोधकांनी २८६ पेनल्टी तपासल्या होत्या, त्यात जवळपास २९ टक्के किक मधे आल्या आणि गोलकीपर मधे थांबले फक्त ६ टक्के वेळा, कारण नुसतं उभं राहून गोल खाल्ला तर मनाला जास्त लागतं. पण १०४ व्या मिनिटाला तोच झिदान, उजवीकडून आलेल्या क्रॉसवर डोक्याने मारलेला जोरदार हेडर, आणि बुफॉनने तो बोटांनी बारवरून ढकलला. हेडरला पाय कसा वाचणार? तिथे आधीपासून बरोबर जागी उभं असणं हेच कामाला येतं. पुढे मॅच बरोबरीतच राहिली म्हणून पेनल्टी शूटआऊट झालं, त्यात बुफॉनने एकही पेनल्टी अडवली नाही, फ्रान्सच्या त्रेझेगेची किक बारवर लागली आणि इटली ५-३ ने जिंकली. अख्ख्या वर्ल्ड कपमध्ये त्याने दोनच गोल खाल्ले, एक आपल्याच डिफेंडरचा आणि दुसरा ती पेनल्टी.

याच माणसाने त्या फायनलच्या दोन-तीन वर्षं आधी, पंचविशीत, डिप्रेशन सोसलं होतं आणि नंतर ते उघडपणे सांगितलंही. स्ट्रायकरने दहा चान्स घालवून अकराव्याला गोल केला की सगळं माफ, गोलकीपरच्या एका चुकीचा थेट गोल होतो आणि पुढची पन्नास मिनिटं त्याच जागी एकटं उभं राहायचं. अठ्ठावीस वर्षं टिकणाऱ्या करिअरमधला हा सगळ्यात जड भाग असावा असं मला वाटतं.

२०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये इजिप्तचा एसाम अल-हदारी सौदी अरेबियाविरुद्ध उतरला तेव्हा ४५ वर्षं पूर्ण करून बसला होता, वर्ल्ड कप खेळलेला सगळ्यात वयस्कर माणूस. सौदीला पेनल्टी मिळाली आणि त्याने झेपावून ती अडवली. हाफ टाईमच्या आधी दुसरी पेनल्टी मिळाली, ती आत गेली, इजिप्त हरलं, पण पहिल्या पेनल्टीच्या वेळी त्याने उडी बरोबर बाजूला घेतली होती.