गोल्डियन फिंचच्या घशातला माइट, मागची गोष्ट

आपल्याकडे पिंजऱ्यात पाळणारे ज्याला गोल्डियन म्हणतात तो गूल्डियन फिंच मुळात उत्तर ऑस्ट्रेलियातला, आपल्या मुनियांच्याच कुळातला. इंग्लिश पक्षीशास्त्रज्ञ जॉन गूल्डने १८४४ मध्ये त्याला बायकोचं, एलिझाबेथचं नाव दिलं, ती त्याच्या पुस्तकांसाठी पक्ष्यांची चित्रं काढायची आणि १८४१ मध्ये बाळंतपणानंतर गेली.

आता माइट, म्हणजे गोचिडीच्या जातकुळीतला अगदी बारीक परजीवी. पक्ष्यांच्या नाकात राहून रक्त पिणाऱ्या माइट्सचं अख्खं कुटुंबच आहे, रायनोनिसिडी नावाचं, पॅरिसच्या ट्रुएसार यांनी ते १८९५ मध्ये वेगळं काढलं आणि आज त्यात पाचशेच्या वर जाती आहेत. बहुतेक जाती नाकातच थांबतात, पक्ष्याला फार त्रास होत नाही. पण स्टर्नोस्टोमा ट्रेकियाकोलम हा खाली उतरतो, श्वासनलिका, फुप्फुसं, पार हवेच्या पिशव्यांपर्यंत! लॉरेन्स यांनी १९४८ मध्ये त्याचं वर्णन केलं ते दक्षिण आफ्रिकेतल्या कॅनरी या पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या पक्ष्यावरून, त्यामुळे बरीच वर्षं हे पाळणाऱ्यांचंच दुखणं समजलं गेलं. पक्षी गायचा थांबतो, श्वास घेताना टिकटिक वाजतं, चोच उघडी राहते, शेपटी वरखाली होत राहते. मानेची पिसं ओली करून मागून टॉर्च धरला की नळीत काळे ठिपके दिसतात, ते म्हणजे रक्त पिऊन फुगलेले माइट. आईबाप पिल्लांना भरवतात तेव्हा हा माइट पिल्लांत जातो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारणारं औषध देता येतं, रानातल्या थव्याला कोण देणार.

तिकडे रानातले गूल्डियन झपाट्याने कमी होत होते, आणि १९९२ च्या एका अभ्यासात तपासलेल्या जंगली पक्ष्यांपैकी निम्म्याहून जास्त पक्ष्यांत हाच माइट सापडला, मग साहजिकच सगळा संशय त्याच्यावर गेला. मला तो एकटा दोषी कधीच वाटला नाही. हा पक्षी जवळपास पूर्ण गवताच्या बियांवर जगतो, पहिला पाऊस पडला की जमिनीवरचं बी रुजून जातं आणि नवीन बी यायला वेळ असतो, त्यात आधीच मोठे वणवे लागून गेलेले आणि गुरांनी गवत खाल्लेलं, मग अशा उपाशी पक्ष्याच्या घशात माइट असला तर तो टिकणार कसा? पुढच्या संशोधनातही भर आग आणि गवतावरच आला. म्हणून आता वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात कोरडा हंगाम सुरू होतानाच, गवत अजून थोडं ओलं असताना, छोटे छोटे पट्टे मुद्दाम जाळून घेतात, म्हणजे पुढे मोठा वणवा पसरत नाही, आपलं वनखातं जाळरेषा काढतं ना, साधारण तसंच.